पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन झालं, पुढे काय? कोकणातल्या रुग्णांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन मुंबईला, पुण्याला नाहीतर गोव्यात बांबोळीला होतं आणि त्यानंतरची सगळी वर्षं काढायची असतात इथे, रत्नागिरी-सिंधुदुर्गात. डिस्चार्ज कार्डावर 'नियमित फॉलोअप' एवढंच लिहिलेलं असतं. मग फाइल घेऊन माणसं आमच्या ओपीडीत येतात. नाकातून ऑपरेशन कसं केलं याबद्दल क्वचितच कुणी विचारतं. गाठ पुढे कशी वागेल, हे सगळ्यांना हवं असतं. त्याभोवतीचे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. औषधाचा डोस मात्र इथे वाचून बदलू नका.

सर्जननी 'गाठ पूर्ण काढली' असं सांगितलं. मग ती परत कशी येईल?

पिट्युटरी ही हॉर्मोन बनवणारी ग्रंथी वाटाण्याएवढी असते आणि कवटीच्या तळाशी हाडाच्या एका छोट्या खोबणीत बसलेली असते. तिच्या वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. दोन्ही बाजूंना कॅव्हर्नस सायनस नावाचे रक्ताने भरलेले कप्पे असतात आणि त्यांतून मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी जाते. अशा जागी सर्जनला स्तनाच्या गाठीसारखं आजूबाजूचं दोन बोटं मांस घेऊन कापता येत नाही. गाठ बहुधा मऊ असते, ती तुकड्या-तुकड्याने खरवडून आणि ओढून काढतात. दुर्बिणीतून सगळं स्वच्छ दिसलं, नंतरच्या एमआरआयमध्येही काही उरलेलं दिसलं नाही, तरी थोड्या पेशी मागे राहू शकतात.

हॉर्मोन न बनवणाऱ्या गाठींबद्दल ढोबळ अंदाज असा: एमआरआयमध्ये काहीच उरलेलं नसेल तर पुढच्या काही वर्षांत १० ते २० टक्के रुग्णांत गाठ पुन्हा दिसते. तुकडा उरला असेल आणि रेडिएशन दिलं नसेल, तर दहा वर्षांत साधारण निम्म्या रुग्णांत तो वाढतो. निम्म्यांत वाढत नाही, हेही त्याच वाक्यात आलं. पण घरी जाऊन सांगताना नातेवाईक ते नेमकं गाळतात.

रिपोर्टवर 'बिनाइन' लिहिलंय. तरी वर्षानुवर्षं तपासण्या कशासाठी?

बिनाइन म्हणजे ती यकृतात, हाडांत किंवा इतरत्र पसरत नाही. पिट्युटरीच्या गाठी अशा पसरण्याचं प्रमाण हजारात एक-दोन इतकंच आहे. पण पसरत नाही म्हणजे वाढत नाही, असं नव्हे. शेजारच्या हाडात आणि सायनसमध्ये ती घुसू शकते, नजर दाबू शकते, हॉर्मोन बनवणारी असेल तर हृदय, साखर, हाडं यांचं नुकसान करू शकते.

इथेच आणखी एक गोंधळ होतो. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात 'अ‍ॅडेनोमा'च्या जागी 'पिट्युटरी न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' हे नाव आलं, थोडक्यात पिटनेट. नव्या रिपोर्टवर हे नाव बघून, इंटरनेटवर शोधून, रात्रभर जागलेली माणसं सकाळी दारात उभी असतात. नाव बदललं, आजार तोच आहे. तुम्हाला कॅन्सर झाला असं त्यात म्हटलेलं नाही.

केआय-६७ चार टक्के आलाय. वाईट आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त झोप उडवणारा आकडा हाच. केआय-६७ हे विभाजन चालू असलेल्या पेशींत सापडणारं प्रथिन आहे. पॅथॉलॉजिस्ट रंग देऊन पेशी मोजतात आणि शंभरातल्या किती रंगल्या ते टक्क्यांत लिहितात. तीन टक्क्यांची रेषा २००४ च्या वर्गीकरणामुळे रूढ झाली. केआय-६७ तीनच्या वर, विभाजन जास्त आणि पी-५३ या दुसऱ्या प्रथिनाचा रंग ठळक असेल, तर गाठीला 'अटिपिकल' म्हणायचे. २०१७ मध्ये तो शब्दच काढून टाकला, कारण त्यावरून पुढचं नीट सांगता येत नव्हतं.

असं का होतं, ते स्लाइडखाली बघितलं की कळतं. एकाच गाठीत एका कोपऱ्यात पेशी दाट रंगलेल्या असतात आणि शेजारी सगळं कोरं. कुठला कोपरा मोजला, नमुना केवढा आला, मोजणारं कोण, यावर दोनाचे चार होतात आणि चाराचे दोन. त्यामुळे नुसते चार टक्के बघून मी रुग्णाला काही सांगत नाही. गाठ आजूबाजूला घुसली होती का, हे आधी विचारतो.

फ्रान्समधल्या जॅकलिन त्रुया आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हीच सांगड घालून वर्गवारी मांडली. ऑपरेशन झालेल्या ४१० रुग्णांचा आठ वर्षांचा प्रवास त्यांनी पाहिला. न घुसलेली आणि पेशी शांत असलेली गाठ १-ए, घुसलेली पण शांत ती २-ए, घुसलेली आणि पेशीही वेगाने वाढणारी ती २-बी. १-ए च्या तुलनेत २-बी गाठ पुढे वाढण्याची शक्यता सुमारे बारा पट निघाली. म्हणजे चार टक्के केआय-६७ आणि गाठ खोबणीतच बसलेली असेल तर गोष्ट वेगळी, तेच चार टक्के आणि गाठ सायनसमध्ये शिरलेली असेल तर वेगळी. रिपोर्ट आणि एमआरआय एकत्र ठेवून वाचावे लागतात. दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवलेले कागद एकमेकांशी बोलत नाहीत.

'क्नॉस्प ग्रेड ३' असं लिहिलंय. हे काय?

गाठ कॅव्हर्नस सायनसमध्ये किती शिरली असावी याचा एमआरआयवरचा अंदाज. व्हिएन्नाचे न्यूरोसर्जन क्नॉस्प यांनी १९९३ मध्ये ही पद्धत दिली. कॅरोटिड धमनीच्या दोन काटछेदांना टेकून रेषा ओढायच्या आणि गाठ कुठल्या रेषेपलीकडे गेली ते बघायचं. शून्य आणि एकमध्ये बहुतेक सगळं निघतं. चारमध्ये गाठीने धमनीला पूर्ण वेढलेलं असतं आणि तिथे काहीतरी मागे राहणार हे धरूनच चालतात. तीनमध्ये गाठ धमनीच्या वरून गेली की खालून, यानेही फरक पडतो. खालून गेलेल्या गाठी जास्त चिवट.

सगळी गाठ काढली नाही म्हणजे सर्जनने काम अर्धवट सोडलं, असं गावात बोलतात. धमनीला चिकटलेला तुकडा सोडून देणं हा बहुतेक वेळा शहाणपणा असतो.

कुठल्या पेशींची गाठ, यावरून काही कळतं का?

बरंच कळतं, आणि कागदावर ते बहुतेकदा अपुरं असतं. पिट्युटरीतल्या पेशी मुख्यतः तीन कुळांतल्या. एका कुळात ग्रोथ हॉर्मोन, प्रोलॅक्टिन (दुधाचं हॉर्मोन) आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं) बनवणाऱ्या, दुसऱ्यात एसीटीएच (कॉर्टिसॉल वाढवणारं) बनवणाऱ्या, तिसऱ्यात एलएच-एफएसएच (प्रजननाची हॉर्मोन) बनवणाऱ्या. पिट-१, टी-पिट आणि एसएफ-१ या तीन रंगचाचण्यांनी कूळ ओळखता येतं. हॉर्मोन न बनवणाऱ्या गाठींपैकी बहुतेक तिसऱ्या कुळातल्या असतात आणि त्या तुलनेने सावकाश चालतात.

खरी गंमत 'मुक्या' गाठींची. एसीटीएच बनवणाऱ्या पेशींची गाठ असते, पण रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, वाढलेलं नसतं. बाहेरून ती साधी, हॉर्मोन न बनवणारी गाठ वाटते. ती परत येण्याची आणि लवकर येण्याची शक्यता मात्र जास्त. टी-पिटची चाचणी केली नाही तर हे कळतच नाही, आणि मग पाच वर्षांनी 'साधी गाठ परत कशी आली' म्हणून सगळे आश्चर्य करतात. ग्रोथ हॉर्मोनच्या गाठींमध्येही ज्यांच्या पेशींत कण विरळ असतात त्या दाट कणांवाल्यांपेक्षा मोठ्या, घुसखोर आणि नेहमीच्या इंजेक्शनना कमी दाद देणाऱ्या असतात. पुरुषांतल्या मोठ्या प्रोलॅक्टिनच्या गाठी आणि क्रुक पेशींच्या गाठी (एसीटीएचच्या कुळातला एक हट्टी प्रकार) याही नजरेआड करू नयेत.

रिपोर्टवर नुसतं 'पिट्युटरी अ‍ॅडेनोमा' एवढंच असेल तर काळजी नको. मेणात घातलेला गाठीचा तुकडा, ज्याला लॅबवाले ब्लॉक म्हणतात, तो वर्षानुवर्षं टिकतो. त्यावर या चाचण्या नंतरही होतात. ऑपरेशन झालं त्या रुग्णालयात अर्ज देऊन ब्लॉक किंवा स्लाइड मागता येतात. परत येताना त्या एसटीच्या टपावरच्या सामानात टाकू नका, हातात ठेवा.

ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी रक्त काढत होते. कशाला?

हॉर्मोन बनवणाऱ्या गाठींमध्ये भविष्याची पहिली खूण रक्तात दिसते, एमआरआयच्या कितीतरी आधी.

कुशिंग आजारात, म्हणजे एसीटीएचच्या गाठीमुळे कॉर्टिसॉल वाढतं त्यात, गाठ पूर्ण निघाली तर कॉर्टिसॉल धाडकन खाली येतं. शरीराची स्वतःची यंत्रणा इतके महिने झोपलेली असते, ती लगेच उठत नाही. पहिल्या आठवड्यात सकाळचं कॉर्टिसॉल डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं तर चांगलं, २ च्या खाली गेलं तर आणखी चांगलं. रुग्णाला मात्र त्या दिवसांत गळून गेल्यासारखं वाटतं, सांधे दुखतात, अन्न नको होतं, अंगाची साल निघते. 'ऑपरेशन फसलं' असं घरच्यांना वाटतं. बहुतेकदा उलट असतं. ही यंत्रणा उठेपर्यंत स्टेरॉइडची गोळी द्यावी लागते; ती जितके जास्त महिने लागते, तितकी गाठ परत येण्याची शक्यता कमी, असं दिसतं. तरी कुशिंगमध्ये दहा वर्षांनीही आजार उलटू शकतो. त्याचा पहिला सुगावा रात्री उशिरा घेतलेल्या लाळेच्या कॉर्टिसॉलमध्ये लागतो.

ग्रोथ हॉर्मोनच्या गाठीत आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोनमुळे रक्तात वाढणारा घटक) घाईने तपासू नका. ते सावकाश उतरतं, म्हणून तीन महिन्यांनी तपासतात. पंधरा दिवसांनी केलेल्या रिपोर्टवर रडणारी माणसं मी पाहिली आहेत. प्रोलॅक्टिनच्या गाठीला बहुतेकदा आधी गोळ्याच देतात. ऑपरेशन करावंच लागलं तर दुसऱ्या दिवशीचं प्रोलॅक्टिन जितकं कमी तितकं पुढचं चित्र चांगलं.

घरी आणल्यावर भरपूर पाणी, शहाळं, कोकम सरबत द्यायचं ना?

थांबा. या एका बाबतीत आपला पाहुणचार अंगाशी येतो.

ऑपरेशननंतर साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसांत, बहुतेकदा सातव्याच्या आसपास, शरीर पाणी धरून ठेवायला लागू शकतं आणि रक्तातलं सोडियम घसरतं. नेमका हाच काळ रुग्ण घरी आलेला असतो. बघायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. उकाडा असतो, घाम असतो, 'पी गो, अशक्तपणा आलो हा' म्हणत घरातले पाजत राहतात. डोकं दुखणं, मळमळ, सुस्ती, बोलण्यात गोंधळ, आणि शेवटी झटका, असा क्रम असतो. डोकेदुखी आणि मळमळ ऑपरेशनचीच समजून दोन दिवस काढले जातात.

म्हणून बऱ्याच केंद्रांत पहिला आठवडा दिवसाला एक ते दीड लिटरच पाणी द्यायला सांगतात आणि सातव्या दिवशी सोडियम तपासतात. ही तपासणी तालुक्याच्या गावीही होते. डिस्चार्ज घेताना 'सोडियम कधी तपासू?' एवढं विचारून घ्या. उलट, काही जणांना दर तासाला लघवी होऊन प्रचंड तहान लागते. तो वेगळा प्रकार आहे, तिथे पाणी तोडलं तर नुकसान होईल. आपला प्रकार कुठला, हे सर्जनच्याच तोंडून ऐका.

खाली वाकलं की नाकातून पाणी टपकतं. सर्दी आहे का?

पाण्यासारखं पातळ, चवीला खारट आणि एकाच नाकपुडीतून असेल तर सर्दी समजू नका, त्याच दिवशी फोन करा. मेंदूभोवतीचं पाणी गळत असू शकतं आणि त्यातून मेंदूज्वर होतो. नाक जोरात शिंकरायचं नाही, विहिरीचं पाणी ओढायचं नाही, तरव्याला आणि लावणीला या हंगामात उतरायचं नाही.

एमआरआय किती दिवसांनी आणि किती वर्षं?

पहिला साधारण तीन ते सहा महिन्यांनी. त्याआधी आत भरलेली चरबी, सूज, साकळलेलं रक्त यांमुळे काही समजत नाही. नंतर पाच वर्षं दर वर्षी, त्यापुढे दोन-तीन वर्षांनी. गाठ घुसखोर असेल किंवा तिचं कूळ वाईट असेल तर सुरुवातीला दर सहा महिन्यांनी.

आता महत्त्वाचं. या गाठी वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर सरकतात. रेडिओलॉजिस्ट बहुतेकदा मागच्या वर्षीच्या फिल्मशी तुलना करतो आणि 'विशेष बदल नाही' लिहितो. असं पाच वर्षं लिहिलेलं असताना गाठ सात मिलिमीटरने वाढलेली असू शकते. म्हणून तुलना ऑपरेशननंतरच्या पहिल्या एमआरआयशी करून मागा. त्याची सीडी हरवू नका, दमट हवेत सीडीला बुरशी धरते, पेन ड्राइव्हवर प्रत काढून ठेवा. शक्यतो एकाच केंद्रात, एकाच पद्धतीने स्कॅन करा. चिपळूणला एक आणि कोल्हापूरला एक केलेल्या दोन फिल्म तुलनेला त्रास देतात.

एमआरआयशिवाय घरी काही लक्षात येईल का?

ग्रोथ हॉर्मोन आणि कुशिंगमध्ये येतं, पण रोज बघणाऱ्याला नाही. देवगडच्या बाजूच्या एका काकूंचं सांगतो. आयजीएफ-१ ची तपासणी दोन वर्षं चुकली होती. चतुर्थीला मुंबईहून आलेली नणंद दारातूनच म्हणाली, 'वयनी, तुझा नाक मोठा झाला.' काकूंच्या मुलाने दरवर्षी गणपतीच्या मखरासमोर काढलेले फोटो काढून ओळीने लावले. एकाच जागी, एकाच कोनातून, एकाच बल्बच्या उजेडात काढलेले. कपाळ आणि हनुवटी तिसऱ्या वर्षापासून बदलत गेलेली स्पष्ट दिसत होती. रक्ताच्या तपासणीने त्यावर शिक्का मारला. तेव्हापासून मी प्रत्येकाला गणपतीचे फोटो आणायला सांगतो. चाकरमान्यांचं बोलणं मनावर घ्या.

अंगठी घट्ट होणं, चपलेचा नंबर वाढणं, नवीन घोरणं, दंडावर सहज काळं-निळं होणं याही खुणा. नजरेचं मात्र फसवं असतं. दोन्ही बाजूंचं दिसेनासं होतं, समोरचं स्पष्ट दिसतं, त्यामुळे माणूस वाचू शकतो आणि स्कूटर चालवताना बाजूने येणाऱ्या रिक्षाला धडकतो. दरवर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून फील्ड टेस्ट, म्हणजे बाजूचं किती दिसतं याची तपासणी, करा, नुसता चष्म्याचा नंबर नको.

उरलेल्या तुकड्याला लगेच रेडिएशन द्यावं की वाट बघावी?

यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. रेडिएशनने वाढ थांबते. हॉर्मोन न बनवणाऱ्या उरलेल्या गाठींत पाच वर्षांनी ९० टक्क्यांहून जास्त ठिकाणी ती आटोक्यात असते. किंमत अशी की पुढच्या वर्षांत शिल्लक पिट्युटरीही हळूहळू बंद पडू शकते आणि मग गोळ्या जन्मभर. म्हणून छोटा, शांत, नसांपासून दूर असलेला तुकडा असेल आणि माणूस तपासणीला येणारा असेल, तर मी वाट बघण्याच्या बाजूचा. २-बी असेल किंवा तुकडा दोन स्कॅनमध्ये वाढलेला दिसला, तर नाही. आणि रुग्ण फॉलोअपला येणारच नाही हे दिसत असेल, तर तेही गणितात धरावं लागतं. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेलं नसतं.

पावसात ताप आला आणि स्टेरॉइडची गोळी चालू आहे. काय करायचं?

गाठीपेक्षा याने माणसं जास्त दगावतात, म्हणून नीट वाचा. पिट्युटरी कमजोर झालेल्या माणसाचं शरीर तापात जास्त कॉर्टिसॉल बनवू शकत नाही. ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनची गोळी दुप्पट करायची हे ऑपरेशननंतर शिकवलेलं असतं. शिकवलं नसेल तर आज विचारा. उलट्या होत असतील तर गोळी पोटात राहत नाही, १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतं, आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येतं. तिथल्या डॉक्टरांना सांगायला एक चिठ्ठी पाकिटात हवी: 'मला स्टेरॉइडची गरज आहे, बंद करू नका.'

भाताच्या खाचरात काम केल्यानंतरचा ताप आपल्याकडे लेप्टो असू शकतो, दोडामार्गच्या बाजूला माकडतापही. त्यांचे उपचार वेगळे, पण स्टेरॉइड वाढवणं तोवर थांबत नाही. घाट बंद होतात, रेल्वे रखडते, म्हणून मे महिन्यातच दोन महिन्यांच्या गोळ्या घरात भरून ठेवा.

एआय आता गाठ परत येणार की नाही ते सांगतं म्हणे?

एमआरआयच्या प्रतिमेतून अंदाज बांधणारे प्रोग्राम संशोधनात आहेत. बहुतेक थोड्या रुग्णांवर, एकाच केंद्रात घडवलेले आहेत आणि दुसऱ्या रुग्णालयाच्या फिल्मवर ते ढेपाळतात. देवाला लावलेला कौल डावा-उजवा एवढंच सांगतो. इथे मात्र आपल्याला हवं असतं ते 'पुढचा स्कॅन सहा महिन्यांनी की दोन वर्षांनी' याचं उत्तर, आणि ते आजही घुसखोरी, कूळ, केआय-६७ आणि पहिले हॉर्मोन यांवरून बऱ्यापैकी निघतं.

घरात आणखी कुणाला होईल का?

बहुधा नाही. पण वय तिशीच्या आत, ग्रोथ हॉर्मोनची मोठी गाठ, किंवा घरात कॅल्शियम वाढलेलं, मूतखडे वारंवार, असं असेल तर एमईएन-१ आणि एआयपी या जनुकांची तपासणी विचारा. अशा गाठी जास्त हट्टी असतात.

काही केल्या वाढतच राहिली तर?

फार थोड्यांवर ही वेळ येते. पुन्हा ऑपरेशन, रेडिएशन आणि तरीही न थांबल्यास टेमोझोलोमाइड नावाच्या केमोच्या गोळ्या. २००६ पासून त्यांचा वापर या गाठींत सुरू झाला. हा निर्णय एकट्या डॉक्टरने घ्यायचा नाही. सर्जन, एंडोक्राइन, रेडिएशन, पॅथॉलॉजी सगळे एका टेबलावर हवेत, त्यासाठी मुंबईच गाठावी लागते.

सात वर्षं झाली, सगळं नॉर्मल. आता तपासणी सोडली तर चालेल?

नाही. दहा वर्षांनंतर परत आलेल्या गाठी आम्ही पाहतो. अंतर वाढवता येईल, मोकळं होता येणार नाही. दर भेटीला बरोबर आणा: ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा पहिला एमआरआय, पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट, फील्ड टेस्टचे जुने कागद, चालू गोळ्यांची पानं, आणि गणपतीचे फोटो. भेटीची तारीख शिमग्याच्या किंवा आंब्याच्या हंगामाच्या तोंडावर घेऊ नका, येणार नाही हे मला ठाऊक आहे.